पाठ फिरवलेली आठवी आसरा

वडाळीच्या बंधाऱ्यावर आलात की पाटाच्या तोंडाशी शेंदूर लावलेले दगड दिसतील. त्यांतले सात नदीकडे तोंड करून आहेत. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. आठवा दगड थोडा बाजूला आहे आणि त्याची पाठ नदीकडे आहे. नव्या माणसाला वाटते, कुणाच्या हातून चुकून फिरला असेल. मागे एका पाहुण्याने तो सरळ करायला हात लावला, तेव्हा पूजा करणाऱ्या काशीताई एवढेच म्हणाल्या, "राहू द्या दादा. ती मागं पाहत नसते."

ती झेलाई. तिची हकीकत आमच्याकडे अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी इथे एका लहानशा संस्थानाचा अंमल होता. मुलूख कोरडा, बाजरीवर जगणारा. आपली प्रजा सुधारावी असे राजाला मनापासून वाटे, म्हणून त्याने नदीवर बंधारा घातला आणि पाट काढला. पाट वडाळीच्या शेतांमधून निघून खाली टोकवाडीच्या शेवटच्या वाफ्यात संपे. दोन्ही गावांनी दगड वाहिले. टोकवाडीच्या बायांनी तर म्हणे पाटाचा तळ अनवाणी पायांनी तुडवून घट्ट केला.

मग हुकूम निघाला. राज्याचे कामकाज त्र्यंबकराव कारभारी पाहत. त्यांनी ठरवले, की पाणी आधी उसाला द्यायचे. वरच्या काळ्या जमिनीत ऊस चांगला येतो, गुळामुळे राज्याची भरभराट होईल, आणि वरचे सुधारले की त्यांच्यामागून खालचेही सुधारतील. "पाणी काय, उताराकडं जाणारच," असे ते म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे आमच्याकडे आवर्जून सांगतात. त्यांनी पाट शेवटपर्यंत चालून पाहिला नव्हता, इतकेच.

पहिल्या साली खाली थोडेफार पाणी आले. पुढे ऊस वाढला, गुऱ्हाळे लागली, वडाळीत कौलारू घरे उठली आणि धार टोकवाडीच्या अलीकडेच संपू लागली. वाडीची माणसे एकेक करून गुऱ्हाळांवर मजुरीला गेली. दारांना कड्या लागल्या. त्यात दरबारचा आणखी एक हुकूम होता, की ज्या वस्तीत एकही दार उघडे नाही तिची जमीन सरकारजमा होईल. असे होता होता एकच दार उघडे राहिले, ते झेलाबाईचे. तिचा मुलगाही वर गुळाच्या कढईवर राबत होता. ती एकटी बाई रोज सकाळी शेजारपाजारच्या बंद उंबऱ्यांवर हळदकुंकू वाही, घरे रुसू नयेत म्हणून. आपले दार लागले की वाडीचे नावच पुसले जाईल, हे तिला पुरते ठाऊक होते.

एके दिवशी ती चालत कचेरीत गेली. कारभाऱ्यांपुढे पदर सावरून उभी राहिली.

"रावसाहेब, पाणी वाडीपर्यंत येत नाही."

"येईल, बाई. वरच्यांचं भागलं की येईल. जरा धीर धरा."

"त्यांचं भागतच नाही. तुम्ही एकदा पाण्याबरोबर चालून बघा."

कचेरीत हशा पिकला. वडाळीचे उखाजी पाटील, मोठे ऊसवाले, म्हणाले, "वैनी, तुम्हीच चाला की पुढं. पाणी लाजून तरी येईल मागनं."

झेलाबाई म्हणाली, "चालते, भाऊजी."

पाणी सोडायच्या दिवशी तिने आसरांची ओटी भरली आणि नवस बोलली, की मी पाण्याच्या पुढे चालेन, शेवटच्या वाफ्यात माझ्या पायाला पाणी लागेपर्यंत घोट घेणार नाही आणि मागे वळून पाहणार नाही. आसरांना बोलावणाऱ्याने मागे पाहायचे नसते, हा त्यांचा नेमच आहे. हातात रिकामा तांब्या घेऊन ती कोरड्या पाटात उतरली. मागे पाण्याचा आवाज येत होता. मग वडाळीकरांनी एकेक फळी उघडून पाणी आपापल्या उसाकडे वळवले, तसा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. ती थांबली नाही. शेवटच्या वाफ्यात जाऊन नदीकडे पाठ करून बसली. मुलगा धावत आला, विहिरीचे पाणी ओठाशी धरले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "दार उघडं ठेव फक्त."

मुलाने तसे केले. दार उघडून परत आला, तर वाफ्यात कुणी नव्हते. तांब्या पालथा पडला होता. आणि त्या तडकलेल्या भुईवर, भर दुपारी, ओली पावले उमटली होती. एकीची नव्हे, पुष्कळ बायांची.

त्यानंतर वडाळीत पाणी मुरेनासे झाले, असे सांगतात. उसात पाणी आरशासारखे उभे राही आणि खाली माती धुळीसारखी कोरडी. गुरे पिऊन पिऊन पुन्हा हंबरत. ऊस पाण्यात उभा राहून वाळू लागला. उन्ह माथ्यावर आले की पाटाच्या कोरड्या वाळूत ओली पावले दिसत, सगळी खालच्या दिशेने जाणारी. चालणारे कुणी दिसत नसे. गुऱ्हाळावरची माणसे कामे टाकून घरात बसू लागली. उखाजी पाटलांचे हसणे तर पार मावळले.

कारभारी आले. त्यांनी उसातल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. हात कोरडाच बाहेर आला. मग त्यांनी जोडे काढले आणि त्या पावलांमागून पाटात चालू लागले. वडाळी मागे पडली, हिरवे संपले, आणि एका वळणानंतर बंद दारांची रांग लागली. प्रत्येक उंबऱ्यावर वाळलेले कुंकू. एक दार तेवढे उघडे होते, तिथे झेलाबाईचा मुलगा बसला होता.

"इथं कोण राहायचं?" कारभाऱ्यांनी विचारले.

"पाट ज्यांनी तुडवला ते," मुलगा म्हणाला.

कारभारी तसेच शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत गेले. पालथा तांब्या उचलून त्यांनी तिथेच नवा हुकूम दिला, की पाट जिथे संपतो तिथून पाणी सुरू होईल. शेवटचा वाफा भिजल्याशिवाय वरची एकही फळी उघडायची नाही. पाणी सुटले तेव्हा वडाळीकर काठावर मुकाट उभे राहिले. धार टोकाला पोचली, तांब्या भरला, आणि त्याच घटकेला वरच्या उसात पाणी मुरल्याचा आवाज झाला म्हणे, तहानेल्या माणसाने घोट घ्यावा तसा. वर्ष उलटायच्या आत वाडीतल्या कड्या निघू लागल्या.

संस्थान गेले, सरकारे बदलली, पण पहिल्या पाण्याचा नेम मोडला नाही. आजही कार्तिकात पाणी सोडायच्या दिवशी जो कोणी पाण्याचा अधिकारी असेल तो आपले बूट झेलाईपुढे काढून ठेवतो आणि रिकामा तांब्या घेतलेल्या टोकवाडीच्या सुवाशिणीबरोबर पाटातून अनवाणी चालतो. तांब्या भरेपर्यंत वाटेत कुणी पाणी पीत नाही.

गेल्या साली तांब्याचा मान माझा होता. नवे साहेब नळाच्या योजनेसाठी आले होते. टाकी वडाळीत बांधायची, तिथून जमेल तसे खाली नळ न्यायचे, असे त्यांचे चालले होते. जीपने काठाकाठाने येतो म्हणत होते. काशीताईंनी त्यांच्या बुटांकडे नुसते पाहिले, तसे उतरले. अर्धी वाट त्यांचे बोलणे चालू होते. बंद घरे लागली तसे गप्प झाले, कारण आमच्याकडे अजूनही काही दारांना कड्या आहेत. शेवटच्या वाफ्याशी त्यांनी हळूच विचारले, "ताई, पहिला नळ इथं बसवला तर?"

पाणी अजून बरेच मागे होते, त्याचा आवाजही आला नव्हता. पण पायांखालची वाळू ओली लागत होती आणि माझ्या हातातला रिकामा तांब्या हळूहळू जड होत होता. साहेब मान वळवू लागले, तेव्हा मी त्यांना तेवढे सांगितले, मागे पाहू नका.