दगडांना भूक लागली

एका राज्यात भाषण आधी आणि भात मागून, अशी रीत होती. सणाला राजवाड्यात पंगत बसे, पानं वाढली जात, आणि राजवक्त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी घासाला हात लावत नसे. पूर्वीचे राजवक्ते शहाणे होते, चार वाक्यांत आटोपत. मग तो मान वागीशशास्त्रीबुवांकडे आला आणि लोकांचं नशीब फुटलं. बुवा एकदा उभे राहिले की बसायचं नाव काढत नसत. वरणावर साय धरे, पापड मऊ पडत, आणि बुवा अजून राजाच्या पणजोबांच्या हत्तीपाशीच असत.

एका वर्षी कापणीच्या सणाला तीनशे पानांची पंगत बसली. बुवा सकाळी बोलायला उभे राहिले, ऊन कललं तरी बोलतच होते. मुदपाकखान्याची आचारीण चांगुणा भाताचा डाव हातात धरून ताटकळली होती. तेवढ्यात तिला दारात एक अनोळखी बाई दिसली. ओठ सुकलेले, पाय धुळीने माखलेले. चांगुणेने आपल्या लेकीला, येसूला, जवळ बोलावलं.

"एक पान कमी पडतंय गं. बागेतून घेऊन ये."

येसू केळीचं पान आणायला गेली. इकडे दारातली बाई साधीसुधी नव्हती. ती भस्मावती चेटकीण होती आणि तीन दिवसांची उपाशी होती. तिचा संयम सुटला.

"बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचं पोट दिसत नाही, तर तुम्हांला पोटच नको," ती म्हणाली. "दगड व्हा. ज्याचं बोलणं ऐकून दगडाला भूक लागेल, तोच तुम्हांला सोडवील. मुदत पुढच्या कापणीच्या सणापर्यंत. त्यानंतर दगड ते दगडच."

येसू पान घेऊन परतली तेव्हा राजा धवलसेन दगड झाला होता, बुवा दगड झाले होते, आणि तिची आई दगडाच्या हातात दगडाचा डाव धरून उभी होती. येसू तिच्या पायांशी बसून पोटभर रडली.

राज्यात आता उरले होते ते आजारी, तान्ही आणि आमंत्रण नसलेले. बुवांच्या पाळलेल्या साळुंकीने त्या उपाशी चेटकिणीचा शाप तुळईवरून ऐकला होता; तिने तो सगळ्यांना सांगितला, पण त्यांतलं कुणी बोलायला धजेना. येसूचे तर चार माणसं दिसली की पाय लटपटत. पण आई तिची होती. दुसऱ्या कुणी जावं असं ती कोणत्या तोंडाने म्हणणार?

साळुंकी तुळईवरून हे पाहत होती. ती खाली उतरली.

"बोलायला शिकायचं आहे?"

"शिकायचं आहे."

"तर तीन ठिकाणी जा. आधी गिळंक्या दरीपाशी."

गिळंकी दरी माणसांचे शब्द खाई. पलीकडे एक म्हातारा धनगर दोरांचा पूल गुंडाळून बसला होता. येसूने भीतीपोटी एका दमात सगळं सांगून टाकलं. दरीने ते गिळलं आणि नुसता गलका परत पाठवला. धनगराने कानाला हात लावला. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी ती इतकी थकली की एकच वाक्य बोलली आणि गप्प उभी राहिली. तीन श्वास गेले. वाक्य दरी ओलांडून पलीकडे पोचलं, आणि पूल खाली आला.

"तू थांबलीस, म्हणून मला ऐकू आलं," धनगर म्हणाला. येसूने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आता नागाच्या गुहेत जा," साळुंकी म्हणाली, "आणि रिकाम्या हाताने परत ये."

गुहेत शब्दरत्नांचा ढीग होता. त्यावर वेटोळं घालून एक नाग बसला होता. "एक रत्न जिभेखाली ठेव," तो म्हणाला, "मग तुझ्या तोंडून भरजरी शब्द धो धो वाहतील. तुमच्या बुवांनीही इथूनच नेलं होतं." येसूला खरं तर तिथेच उमगायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाला हाताशी काहीतरी असावंसं वाटतं. साळुंकीची नजर चुकवून तिने एक छोटंसं रत्न पदराच्या गाठीत बांधलं, आणि बाहेर येऊन मोकळे हात दाखवले.

तिसरं ठिकाण म्हणजे पोपटांचा वड. हजार पोपट, सगळे एकदम बोलणारे. "यांना गप्प कर," साळुंकी म्हणाली. येसूने ओरडून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिल्या. शेवटी कंटाळून ती खालच्या फांदीवरच्या एका म्हाताऱ्या पोपटाकडे वळली. त्याचा पंख लोंबत होता.

"हा कसा मोडला, आजोबा?"

पोपटाला वर्षानुवर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. तो सांगू लागला, ती ऐकू लागली. ही दोघं काय बोलताहेत ते कळावं म्हणून शेजारची फांदी गप्प झाली, मग वरची, मग सगळा वड.

वर्ष सरलं. कापणीच्या सणाला येसू दगडांच्या पंगतीपुढे उभी राहिली. एका हातात केळीचं ताजं पान होतं. दारात भस्मावती येऊन बसली होती. सहाशे दगडी डोळे समोर पाहून येसूची बोबडी वळली, आणि तिने गाठ सोडून रत्न जिभेखाली ठेवलं.

"हे चंद्रसूर्यकुलभूषण धवलसेन महाराज," शब्द धो धो वाहू लागले. महाराजांच्या आजोबांवरून ते पणजोबांवर गेले, पणजोबांवरून हत्तीवर. येसूचे पाय गार पडले. तिने खाली पाहिलं तर घोट्यांपर्यंत दगड चढला होता. थांबावंसं वाटे, थांबवेना. दगड गुडघ्यांना लागला तेव्हा तिला दरी आठवली. तिने दात घट्ट आवळले. एक श्वास, दोन श्वास, तीन. आणि रत्न थुंकून टाकलं.

आता तिच्याकडे सांगायला काहीच उरलं नव्हतं. मग तिने पंगतीकडे पाहणं सोडलं आणि एका चेहऱ्याकडे पाहिलं. आईच्या मनगटावर चुलीचा जुना चटका होता. दगडातही तो दिसत होता.

"आई, त्या दिवशी तू पहाटेपासून चुलीपुढे होतीस," ती म्हणाली. "तीनशे पानांचा भात केलास आणि स्वतः घोटभर पाण्यावर होतीस. बुवा हत्तीबद्दल बोलले, तुझ्याबद्दल कुणी बोललं नाही. म्हणून मी बोलते. तुझे उपकार आहेत. लाकडं फोडणाऱ्या सटवाजीकाकांचे आहेत. पाणी भरणाऱ्या बायकांचे आहेत. ज्यांनी वाकून हे भात कापलं त्यांचे आहेत. आणि दारात बसलेल्या माउली, तुम्हांला उपाशी ठेवलं. चूक आमची झाली."

ती तीन श्वास थांबली.

"भात निवतोय. जेवायला बसा."

इतकंच. मग अगदी बारीक असा एक आवाज आला. गुर्रर्र. राजा धवलसेनाच्या दगडी पोटात कावळे ओरडू लागले होते. मग प्रधानाच्या. मग तीनशे पोटं एकदम बोलू लागली, आणि असं भाषण त्या महालाने कधी ऐकलं नव्हतं. दगडांवर रंग चढला. येसूच्या पायांत ऊब आली. डावातला भात वाफाळू लागला.

चांगुणेने डोळे उघडले. तिच्या लेखी पळभरच वेळ गेला होता.

"आणलंस का पान?" ती म्हणाली. "आण लवकर. दारात ती बाई केव्हाची उपाशी उभी आहे."

भस्मावतीने ते ऐकलं. आपल्यासाठी पान मागवलं होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती हमसून रडली. चांगुणेने तिला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि पहिला डाव तिच्या पानात वाढला.

पुढे राजवक्त्याचा मान येसूकडे आला. वागीशशास्त्र्यांच्या जिभेखालचं रत्न तिने नागाला परत केलं, आणि बुवा पंगतीत पाणी वाढू लागले. फार कमी बोलत, आणि म्हणे सुखात असत. येसूचे पाय मात्र दर सणाला लटपटतच. ती दरीला, धनगराला, पोपटाला आणि साळुंकीला मनोमन नमस्कार करी, एक चेहरा शोधी, आणि भातावर वाफ असेतोच बोले. त्या राज्यात आजही तीच रीत आहे.

सांगणाऱ्यालाही ती लागू आहे. पानं वाढली आहेत. बसा.