मृत ठरवलेली डिस्क

एकदा एका ध्वनिग्रंथालयाचा संगणक मुका झाला. त्या ग्रंथालयाची मी सचिव होते आणि तो संगणक मोडीत काढण्याच्या ठरावाचा मसुदा माझ्याच हातचा होता; तेव्हा ही हकीकत मीच सांगणे उचित होय.

ग्रंथालय अंध विद्यार्थ्यांचे. निवृत्त शिक्षक तेथे येऊन पाठ्यपुस्तके वाचत, त्यांचे ध्वनिमुद्रण होई, आणि वसतिगृहातील मुले ते ऐकून परीक्षेला बसत. व्याकरण मी वाचले होते. इतिहास निमकर मास्तरांनी वाचला आणि शेवटचा धडा पूर्ण केल्यावर काही आठवड्यांतच ते वारले. अभ्यासक्रम त्याच वर्षी बदललेला असल्याने नव्या पुस्तकांची मुद्रणे त्या एका संगणकातच होती. त्यांची दुसरी प्रत काढायची राहून गेली होती आणि परीक्षा तोंडावर आली होती.

संगणकात चार डिस्क होत्या. मजकूर चौघींत अशा रीतीने विभागलेला असे, की एक निकामी झाली तरी उरलेल्या तिघी तो पूर्ण करून देत. दोन गेल्या, तर मात्र काहीच हाती लागत नसे. दिवाळीच्या सुटीनंतर एक डिस्क गेली. संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्या ऋजुताने ती बदलली. पुढे ती नवी डिस्कही गेली, आणि तिच्या जागी दुसरी बसवण्यापूर्वीच जुन्यांपैकी आणखी एक गेली. संगणक थांबला.

ऋजुता हुशार मुलगी. आमचा संगणक ज्या लिनक्स प्रणालीवर चाले, ती तिने ज्या वृद्ध आचार्यांकडे शिकली, ते तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन आमच्याच गावी राहत. ठराव संमत करण्याच्या दिवशी तिने त्यांना बोलावून घेतले. आमच्या कार्यकारिणीतील एक सदस्य संगणकांचे व्यापारी होते. तेही उपस्थित होते. नवी डिस्क त्यांनीच, जुन्यांशी जुळावी म्हणून, त्याच जातीची शोधून आणलेली होती.

"या दोन मेल्या, सर," ऋजुता पडद्यावरच्या नोंदींवर बोट ठेवून म्हणाली. "लॉगमध्ये स्पष्ट आहे. 'डिस्क उत्तर देत नाही.' त्याच्याखाली, 'डिस्क वगळली.'"

"मग आता?"

"सगळं पुसून पहिल्यापासून मांडायचं. शेटजी नवा संगणक देताहेत."

"आणि मास्तरांचा इतिहास?"



"बाई वाचतील की पुन्हा!" व्यापारी म्हणाले. "बाईंचा आवाज अजून खणखणीत आहे."

"खणखणीत आहे," मी म्हणाले. "परंतु परीक्षेच्या आत अख्खं पुस्तक वाचून होणार नाही. आणि मुलांनी अर्धा इतिहास मास्तरांच्या आवाजात पाठ केलेला आहे."

आचार्यांनी दोहोंपैकी शेवटी गेलेली डिस्क मागितली. ती तिच्या मूळ जागी बसवून त्यांनी ऋजुताला आज्ञा केली, की हिच्यावर काहीही लिहू नकोस. आरंभापासून जेवढे वाचता येईल तेवढे, न थांबता, नुसते वाचत जा.

"मेलेल्याला कशाला पळवताय?" व्यापारी हसले.

"मेलेला पळाला, शेटजी, तर पंचाईत तुमची होईल."

डिस्क वाचू लागली. पडद्यावरचे आकडे संथपणे वाढत गेले. कोठेही अडखळणे नाही, कोठेही तक्रार नाही. ऋजुताचा चेहरा उजळला. "म्हणजे ही चांगली आहे, सर!"

"घाई करू नकोस. आता वाचन बंद कर. यानंतर कुणी यंत्राला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, चहा होईल का?"

चहा आला. आचार्यांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला. यंत्राकडे त्यांनी पाहिलेही नाही. माझ्यासमोर ठरावाचा कागद होता आणि खाली सही तेवढी व्हायची होती. हे गृहस्थ मदतीस आले आहेत की गप्पांस, असा प्रश्न मलाही पडला; व्यापाऱ्यांनी तो बोलून दाखवला.

"आचार्य, आम्ही डिस्क बघायला बोलावलं होतं तुम्हाला. का चहालाच?"

"सध्या ते एकच काम आहे," आचार्य म्हणाले आणि त्यांनी बशी खाली ठेवली. "ऋजुता, आता हिच्याकडे एकच अक्षर माग."

तिने मागितले. पडदा क्षणभर गोठल्यासारखा झाला. मग तीच ओळ उमटली: डिस्क उत्तर देत नाही.

"बघा!" व्यापारी म्हणाले. "गेलीच शेवटी."

आचार्यांनी ऋजुताला विचारले, "हे वाक्य कुणाचं?"

"लॉगमधलं आहे, सर."

"लॉग म्हणजे कागद. त्याच्यावर लिहिणारा कोण?"

तिने थोडा विचार केला. "कंट्रोलरचा ड्रायव्हर."

वाचकांच्या सोयीसाठी सांगते. संगणक डिस्कशी थेट बोलत नाही. दोहोंच्या मध्ये कंट्रोलर नावाचे नियंत्रक यंत्र असते, आणि लिनक्स त्या यंत्राशी ज्या आज्ञावलीच्या मुखाने बोलते, ती आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. डिस्कसंबंधी जे काही संगणकाला कळते, ते या मध्यस्थाकडून.

"बरं. यात डिस्कचं स्वतःचं म्हणणं काय आहे?"

"तिचं..." ऋजुता थबकली. "तिचं यात काहीच नाही, सर."

"सुटीत काय बदललंस?"

"लिनक्सचा नवा कर्नल घातला. पण सगळं तपासलं होतं! दिवसभर चालवून पाहिलं."

"दिवसभर चालवून पाहिलंस. दिवसभर थांबवून पाहिलंस का?"

ती कळफलकाकडे वळली. थोड्या शोधानंतर तिला ते सापडले. नव्या कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्याबरोबर, आलेला ड्रायव्हर, मागणी नसली की, डिस्ककडे जाणारा मार्ग वीज वाचवण्यासाठी निजवून ठेवत होता. पूर्वीचा तसे करीत नसे. तिने तो मार्ग सदैव जागा ठेवण्याची योजना केली. आचार्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"बाई, अर्धा कप. या वेळी साखर नको."

या वेळी घड्याळाकडे कोणीही पाहिले नाही. चहा संपल्यावर ऋजुताने पुन्हा एक अक्षर मागितले, आणि डिस्कने ते तत्काळ दिले. काढून ठेवलेली नवी डिस्कही तशीच पारखून घेतली. तिनेही दिले.

मग आचार्य बोलले. "कामात असताना या चौघी कधी चुकल्या नाहीत. म्हणून दिवसा मुलं ऐकत असत तेव्हा सारं ठीक, आणि सुटीनंतर पहिली हाक मारली की घोटाळा. ड्रायव्हरनं मार्ग निजवला. या जातीच्या डिस्कना त्यातून जागं व्हायला कधी कधी जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ तो थांबला नाही, आणि त्यानं लिहून टाकलं, की उत्तर देत नाही. त्याचं लिहिणं खोटं नाही. उत्तर खरंच आलेलं नव्हतं. पण उत्तर आलं नाही, ही घटना आहे. उत्तर देणारी मेली, हा निवाडा आहे. निवाडा तू केलास, ऋजुता, आणि जो निजवतो त्याच्याच साक्षीवर केलास."

"पण सर, साक्षीदार तेवढा एकच होता ना!"

"म्हणून तर प्रश्न बदलावा लागला. धावतानाही विचारायचं आणि विसावल्यावरही विचारायचं."

चारही डिस्क पुन्हा एकत्र आणून संगणक उघडला गेला. काही ऐकण्याआधी सर्व मुद्रणांची दुसरी प्रत काढून घ्यावी, असा आचार्यांनी आग्रह धरला, आणि ऋजुताने तसे केले. प्रत पूर्ण झाल्यावर तिने इतिहासाचा पहिला धडा लावला. निमकर मास्तरांनी घसा साफ केला, आपल्या सवयीप्रमाणे एक पान उलटल्याचा आवाज झाला, आणि ते वाचू लागले. व्यापाऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या दिवशी माझा मसुदा मी बाजूस ठेवला आणि नवा ठराव मांडला. त्यात तीन गोष्टी होत्या. संगणक आहे तोच ठेवावा आणि मुद्रणांची एक प्रत वसतिगृहाच्या इमारतीत असावी. लिनक्समध्ये कोणताही बदल केल्यास यंत्र चालवून पाहावे, तसेच पुरेसे थांबवूनही पाहावे. कोणतीही डिस्क अन्य यंत्रावर पारखल्याखेरीज मृत म्हणून नोंदवू नये.

व्यापाऱ्यांनी अनुमोदन दिले. त्यात त्यांची एक विक्री बुडत होती. त्यांनी त्याचा उच्चार केला नाही. ठरावाची अंमलबजावणी ऋजुताला करायची असल्याने मी तिचे मत विचारले. ती लगेच बोलली नाही. व्यापारी तोंड उघडणार होते. आचार्यांनी नुसता हात वर केला. आम्ही थांबलो.

"मान्य," ऋजुता म्हणाली.