बंधाऱ्याचा तह

"मग सांगणार ना बाबा, देशमुखांना? आजच सही करा म्हणून?"

दरबाराने तहासाठी पाठवलेले वकील अंताजीपंत पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. दर्याशा फकीर चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. देशमुख त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते, म्हणून तर पंत हा डोंगर चढून आले होते.

"एवढी घाई?"

"शुभस्य शीघ्रम्, बाबा! बंधाऱ्याच्या पाण्यावरून अलीकडचे देशमुख आणि पलीकडचे इनामदार, दोघांचे लोक तलवारी पाजळून बसलेत. इनामदारांची सही झाली. मसुदा मी स्वतः केलाय, एक शब्द हलायचा नाही. आता देशमुखांची झाली की मिटलं."

पंतांना आपल्या मसुद्याचा भारी अभिमान होता. उभा जन्म वकिली करूनही तो लपवणं काही त्यांना जमलं नव्हतं.

बाबांनी भाकरी तव्यावर टाकली.

"देशमुख लढणार आहे का?"

बाबा सगळ्यांनाच अरे-तुरे करीत.

"छे हो! देवमाणूस. तलवार खुंटीला टांगून जमाना झाला त्यांना."

"मग लढणार कोण?"

"पुतण्या त्यांचा, रायाजी. बंधाऱ्यावर स्वार घेऊन बसलाय. काकांनाही जुमानत नाही."

"त्याला भेटलास?"

"त्याला...?" पंत चपापले. "तो डोकेफिरू. अंगावर येतो. काकांनी सही केली की येईल वळणावर."

भाकरी टम्म फुगली होती, तिच्याकडे बाबा कौतुकाने पाहत राहिले.

"बाबा," पंतांचा आवाज उतरला, "खालच्या वस्तीत बायकापोरं आहेत. लढाई पेटली तर आधी तीच मरतील. झोप लागत नाही हो मला..."

हे मात्र मनापासूनचं होतं. बाबांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं.

"सांगतो देशमुखाला. आधी माझं एक काम कर. शेळ्या सुटल्यात. मागे वालाचा वाफा आहे, तेवढा वाचव."

पंत धावले. काळी शेळी वाफ्यात शिरून वाल ओरबाडत होती. पंतांनी हात घालताच तिने शिंगं रोखली, आणि दरबाराचे वकील मातीत बसले.

म्हातारी पांढरी शेळी कडुनिंबाखाली रवंथ करीत होती. पंत जवळ जाताच तिने आपणहून मान पुढे केली. पंतांनी तिला खुंट्याला पक्की बांधली आणि धोतर झटकीत हाक दिली.

"बाबा, बांधली! आता दुसरीही येईल हिच्या मागोमाग."

बाबा भाकरी घेऊन बाहेर आले. अर्धी पंतांच्या हातावर ठेवली, अर्धी आपण खाऊ लागले. पांढऱ्या शेळीच्या गळ्यातलं दावं त्यांनी ओढून पाहिलं, आणि खुशीत मान डोलावली.

"गाठ झकास मारलीस, पंत... वाल ती दुसरी खातेय."