मयूरीचा दाखला

आमच्या शेजारच्या रंजनाचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या मयूरीचा हायस्कुलात नंबर लागला होता, पण त्या दिवशी पाच वाजेपर्यंत जुन्या शाळेचा दाखला दिला नाही तर जागा जाणार होती. आणि जुनी शाळा म्हणे, नव्या शाळेचं मागणीपत्र आणा, मगच दाखला मिळेल.

मला काही घरी बसवेना, मीही सोबत गेले. हायस्कुलाचे मुख्याध्यापक टिळेकर सर गुरकावले, "प्रवेशाआधी पत्र नाही आणि दाखल्याशिवाय प्रवेश नाही. निघा!"

तीन वाजून गेले होते.

रंजना म्हणाली, "बरं सर. मग प्रवेश का नाही, तेवढं लेखी द्या."

"हवं तर शिक्क्यासकट घ्या!" म्हणत सरांनी ऐटीत लिहिलं, 'मयूरी कुदळे हिने जुन्या शाळेचा दाखला आज पाचच्या आत सादर करावा, अन्यथा प्रवेश मिळणार नाही.'

तो कागद घेऊन आम्ही जुन्या शाळेकडे धावलो. पाच वाजायला दहा मिनिटं असताना रंजनाने दाखला सरांपुढे ठेवला.

सर चमकले. "मागणीपत्राशिवाय त्यांनी दिलाच कसा?"

"मागणीपत्र दाखवलं की, सर," रंजना म्हणाली. "दाखला सादर करा, असं तुम्हीच शिक्क्यासकट मागितलंत."