डबी सांगेना, दिवा लागेना

मुंगी होती इवलीशी. तिचं बिऱ्हाड होतं भलंमोठं. आई, मावश्या आणि खूप खूप बहिणी. सगळ्या राहायच्या एका जीपमध्ये.

जीप होती इंदूआत्याची. इंदूआत्या म्हणजे गाईगुरांची डॉक्टर. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. म्हणून मुंगीपण आत्याच म्हणते.

जीपच्या मागे औषधांची खोकी. खोक्यांपाशी गुळाचा डबा. वासराला सुई टोचली, की आत्या त्याला गूळ देते. मग वासरू रुसत नाही.

आणि जिथे गूळ, तिथे मुंग्या. त्यात काय नवल!

एकदा काय झालं, मुंग्या राहायच्या ती जीपमधली चटई ओली झाली. मग काय, चला नव्या घरी! नवं घर कुठे? खोक्याखाली.

सगळ्या मुंग्या निघाल्या. आपली मुंगीही निघाली. तोंडात धरलं पांढरं अंडं. अंड्यात तिची धाकटी बहीण. काखेत धरला गुळाचा कण. तोही बहिणीसाठीच. बाहेर आली, की पहिला घास गोड!

तुरु तुरु तुरु, मुंगी चालली.

तेवढ्यात आत्याने जीपचं मागचं दार लावलं. धाड्!

"आई गं!" मुंगी ओरडली.

ओरडायला तोंड उघडलं. तोंड उघडलं आणि अंडं पडलं!

गडगड गडगड गडगड... कुठे गेलं?

जीपमध्ये काळोख. काही दिसेना. मुंगीने हुंगून पाहिलं. सगळीकडे गुळाचाच वास! बहिणीचा वास येईचना.

मुंगीला रडूच आलं. "माझी एवढीशी बहीण! तिच्यावर डबा सरकला तर?"

वर छताला होता एक नवा दिवा. कालच बाजारातून आणलेला. कालच बसवलेला.

तुरु तुरु तुरु, मुंगी वर गेली.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना!
बहीण सापडेना!"

दिवा म्हणाला, "मी नाही लागत! वायर वीज देईना, मी कसा लागू?"

तुरु तुरु तुरु, मुंगी वायरकडे गेली. वायर होती लांबच लांब. छताला चिकटून बसली होती.

"वायरताई, वायरताई, वीज दे ना!
दिवा लागेना,
बहीण सापडेना!"

वायर म्हणाली, "मी नाही देत! डबी सांगेना, मी कशी देऊ?"

तुरु तुरु तुरु, मुंगी डबीकडे गेली. डबी होती सीटखाली. काळी काळी, छोटी छोटी, पण भारी हुशार!

जीप बोलते जीपची भाषा. टिकटिक टाकटाक. नवा दिवा बोलतो दिव्याची भाषा. लुकलुक लुकलुक. जीपचं दिव्याला कळत नाही. दिव्याचं जीपला कळत नाही. डबीला मात्र दोन्ही येतं. ती इकडचं तिकडे सांगते. पण चहाडी नाही करत हं!

"डबीबाई, डबीबाई, सांग ना!
वायर वीज देईना,
दिवा लागेना,
बहीण सापडेना!"

डबी म्हणाली, "मी नाही सांगत! जीप जागी होईना, मी काय सांगू?"

तुरु तुरु तुरु, मुंगी जीपच्या कानाशी गेली. जीपला कान असतो? असतो, असतो. आपल्याला दिसत नाही, एवढंच.

जीप झोपली होती. घुर्रर्र... फूस्. घुर्रर्र... फूस्.

"जीपमावशी, जीपमावशी, जागी हो ना!
डबी सांगेना,
वायर वीज देईना,
दिवा लागेना,
बहीण सापडेना!"

जीप झोपेतच म्हणाली, "मी नाही जागी होत! दार उघडेना, मी कशी जागी होऊ? घुर्रर्र... फूस्."

तुरु तुरु तुरु, मुंगी दाराकडे गेली.

"दारोबा, दारोबा, उघड ना!
जीप जागी होईना,
डबी सांगेना,
वायर वीज देईना,
दिवा लागेना,
बहीण सापडेना!"

दार म्हणालं, "मी नाही उघडत! आत्या येईना, मी कसं उघडू?"

दाराला खाली होती फट. फटीतून मुंगी बाहेर गेली. चाकावरून खाली उतरली. गवतातून पळत सुटली.

तुरु तुरु तुरु, मुंगी आत्याकडे गेली. आत्या बसली होती शेवंताकाकूंच्या ओट्यावर. बशीत गरम गरम चहा. फुर्रर्र... फुर्रर्र...

"आत्या, आत्या, ये ना!
दार उघडेना,
जीप जागी होईना,
डबी सांगेना,
वायर वीज देईना,
दिवा लागेना,
बहीण सापडेना!"

आत्या म्हणाली, "मी नाही येत बाई! वासरू हंबरेना, मी कशाला येऊ? वासरू गप्प, म्हणजे वासरू बरं. मला चहा पिऊ दे. फुर्रर्र..."

मुंगीचे पाय दुखले. तरी मुंगी थांबली नाही. कशी थांबेल? बहीण एकटी होती ना अंधारात!

तुरु तुरु तुरु, मुंगी गोठ्यात गेली. गोठ्यात होतं शेवंताकाकूंचं वासरू. त्याचं नाव भिंगरी. भिंगरी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"भिंगरी, भिंगरी, हंबर ना!
आत्या येईना,
दार उघडेना,
जीप जागी होईना,
डबी सांगेना,
वायर वीज देईना,
दिवा लागेना,
बहीण सापडेना!"

भिंगरीने तोंड वळवलंच नाही. "मी नाही हंबरत! मला सुई टोचली. टोच्च! आणि आत्या गेली चहाला. गूळ द्यायलाच विसरली! गूळ मिळेना, मी कशाला हंबरू?"

अस्सं होय! भिंगरी रुसली होती तर!

मुंगीने काखेत पाहिलं. गुळाचा कण होता. एकच होता. बहिणीचा होता.

पण बहीणच सापडली नाही, तर कण घेऊन करायचं काय?

मुंगीने कण पुढे केला. "घे भिंगरी."

भिंगरीने वाकून पाहिलं. "एवढासा?"

"एवढासाच."

"बरं बाई, एवढासा तर एवढासा."

लप्!

आहा! गोड गोड गोड! आणि लगेच संपला!

"अजून!" भिंगरी म्हणाली. "अजून हवा! हम्माऽऽऽ! हम्माऽऽऽ!"

वासरू हंबरलं!

आत्या दचकली. चहा सांडला. "अगं बाई! भिंगरीचा गूळ राहिला की!"

शेवंताकाकू म्हणाल्या, "तरीच म्हटलं, पोर आज गप्प का!"

आत्या आली. फटक फटक, फटक फटक. भिंगरीची पाठ थोपटली. "चुकलं गं माझं. आणते हं गूळ." मुंगी टुपकन आत्याच्या ओढणीवर चढली. ओढणी धरून बसली. चला जीपकडे!

आत्याने दार ओढलं. करकर्र! दार उघडलं!

जीप जागी झाली! "टिकटिक टाकटाक! दार उघडलं, दार उघडलं!"

डबीने ऐकलं. डबीने सांगितलं! "लुकलुक लुकलुक! दार उघडलं, दार उघडलं!"

वायरने वीज दिली! सुर्रर्रर्र!

दिवा लागला! लख्ख!

आणि बहीण? बहीण कुठे आहे?

आत्याने गुळाचा डबा उचलला. गूळ काढला. डबा खाली ठेवायला गेली. खाली, खाली, खाली...

"थांब थांब थांब!" आत्या आपल्याच हाताला म्हणाली. "हे पांढरं काय आहे? अगं बाई, हे तर मुंगीचं अंडं!"

सापडली! बहीण सापडली!

आत्याने डबा पलीकडे ठेवला. अगदी हळू. वर दिव्याकडे पाहिलं. "बरं झालं बाई, काल तुला बसवलं." दिवा लाजला. पण लागलेलाच राहिला.

मुंगी ओढणीवरून उतरली. अंड्याला मिठी मारली. हुश्श! किती हलकं हलकं वाटलं मुंगीला!

तेवढ्यात आत्याने गूळ फोडला. टक्! एक कण मुंगीपुढे पडला. पहिल्यापेक्षा मोठा! मुंगीने तो काखेत घातला. अंडं तोंडात धरलं.

दिव्याने विचारलं, "सापडली का बहीण?"

मुंगी म्हणाली, "मं मं!"

वायरने विचारलं, "सापडली का बहीण?"

"मं मं!"

डबीने विचारलं, जीपने विचारलं, दारानेही विचारलं, "सापडली का बहीण?"

"मं मं! मं मं! मं मं!"

आता तोंड उघडतेय होय मुंगी!

आत्या गूळ घेऊन निघाली. जाताना तिने दार लावलं.

धाड्!

मुंगी दचकली. पण तोंड? घट्ट बंद!

दिवा विझला. पुन्हा काळोख झाला. होऊ दे की! आता काय भीती? पुढे बहिणी, मागे बहिणी, तोंडात बहीण.

तुरु तुरु तुरु, मुंगी चालली. तुरु तुरु तुरु, खोक्याखाली पोचली. तिथे आई होती. मुंगीने अंडं आईपुढे ठेवलं. अगदी हळू. शेजारी गुळाचा कण ठेवला.

आणि मग तोंड उघडलं. मोठ्ठं उघडलं!

"आई गं! आम्ही दोघी आलो!"

अंड्यात काहीतरी हललं. चुळबुळ, चुळबुळ.

तिकडे गोठ्यात भिंगरी गूळ खात होती. मचक मचक, मचक मचक.

मुंगीचं तोंड उघडलं,
आपलं पुस्तक मिटलं.