मोरीवरची पाटी

"यावर सही करायला तुमची हरकत काय आहे, तडवीबाबा?"

ऋजुता बोकाडेनं तिसऱ्यांदा विचारलं.

जुम्मा तडवी हातातल्या कागदाकडं बघत बसले होते. छत्तीस वर्षं त्यांनी याच लाइनीवर काढली, शेवटची बारा वर्षं रूळ सांभाळणाऱ्या गँगचे मुकादम म्हणून. नवी इंजिनियर होऊन आलेल्या ऋजुताला रूळ ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं. आता ती वेगवान गाडीच्या नव्या मार्गाचा अहवाल लिहीत होती. त्यावर तिला गुरूची साक्ष हवी होती.

वाक्य एकच होतं. 'जुना मार्ग सुधारण्यापलीकडे गेला आहे.'

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"साहेबांनी सांगितलं म्हणून?"

"...मला पटलं म्हणून."

"चल," तडवी उठले.

केळीच्या बागांमधून दोघं लाइनीवरच्या मोरीपाशी, ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलापाशी आले. रुळाशेजारी पाटी उभी होती. वीस. मोरी खचलेली, म्हणून इथून पुढं कुठल्याही गाडीनं ताशी वीसच्या वर जायचं नाही.

"किती वर्षं झाली हिला?" तडवींनी पाटीकडं बोट दाखवलं.

"अकरा."

"रंग तर ताजा दिसतो."

"दरवर्षी देतात."

"आणि मोरी? ती कधी दुरुस्त केली?"

एवढ्यात पॅसेंजर आली. पाटीपाशी येऊन गोगलगायीसारखी सरकू लागली. दारात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, "ओ मुकादम, दवाखाना बंद व्हायच्या आत पोचू का?"

गाडी गेली.

ऋजुता उसळली. "म्हणूनच नवा मार्ग हवा, बाबा! ताशी तीनशे! तुम्ही जुन्याला कवटाळून बसता, म्हणून सगळं रखडतं."

तडवींना राग आला नाही.

"पोरी, नवी लाइन किती दिवस नवी राहते?"

"...किती?"

"पहिली गाडी जाईपर्यंत."

"म्हणजे बांधायचीच नाही?"

"बांध की! झोकात बांध. पहिल्या गाडीला हार घालायला मी येईन. पण ही मेली असं सांगून बांधू नकोस. ही जिवंत आहे. औषध तुम्ही दिलं नाही."

ऋजुताच्या ते जिव्हारी लागलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिनं या मोरीच्या दुरुस्तीसाठी पत्र लिहिलं होतं. ते शेरा मारून परत आलं. दुसरं तिनं लिहिलंच नव्हतं.

ती मोरीच्या कठड्यावर बसली. कागद मांडीवर घेतला आणि ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं, 'जुना मार्ग सुधारता येतो. अकरा वर्षं आम्ही तो सुधारला नाही. नवा बांधायचा तर हे कबूल करून बांधावा.'

"घ्या," तिनं कागद पुढं केला. "आता साहेब माझी बदली करतील. करू देत!"

तडवींनी अक्षर अक्षर लावत सगळं वाचलं. मग सही केली.

ऋजुता कागदाकडं बघत राहिली. आवाज जरा उतरला.

"पण बाबा... त्यांनी हे पान फाडूनच टाकलं तर?"

तडवींनी पेन तिच्या हातात परत दिलं.

"फाडू दे. तुला लिहिता येतं ना?"