हॅरा नदीची मुकी होडी

हॅरा नदीवर आता चांगला दगडी पूल आहे. तरी पुलाखाली एक जुनी होडी दोन दोरांनी बांधलेली दिसते. एक दोर उत्तरेला, स्कॉटलंडच्या काठाला. दुसरा दक्षिणेला, इंग्लंडच्या. होडी मात्र मधोमध. पाहुण्यांनी कारण विचारावं याचीच ती राखणारे डूगल आजोबा वाट पाहत असतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा पूल नव्हता, आणि युरोपातल्या देशांची ती दरवर्षीची रग्बी स्पर्धाही चारच संघांची होती. फ्रान्स आणि इटली मागाहून आले. एल्स्पेथ ही इथल्या नावाड्याची बायको. सासर उत्तरेला, माहेर समोरच्याच काठावर. बाळंतपणाला माहेरी निघाली तीच मुळी उशिरा. होडी सुटायच्या आत पहिला मुलगा झाला, अँगस. पलीकडे टेकते न टेकते तोच दुसरा, नेड. जुळे भाऊ, पण एक स्कॉटलंडचा आणि एक इंग्लंडचा. असा घोळ हॅराकाठच्याच माणसांनी घालावा, असं आजोबा मोठ्या कौतुकाने सांगतात.

पोरं एकाच ताटात जेवून मोठी झाली. पुढे एकाच वर्षी त्या स्पर्धेसाठी दोघांची निवड झाली, आपापल्या देशाकडून. मग काठावरच्या लोकांनी दोघांचे कान भरायला सुरुवात केली. नेड मामाकडे राहायला गेला. भाऊ भावाशी बोलेना, नदी ओलांडेना. दोघांनीही आईला निरोप धाडला, की दोन देशांच्या सामन्याला माझ्या बाजूला बस.

कोण जिंकतं याचं एल्स्पेथला काहीच नव्हतं. हरणारा पोरगा जन्मभर आईला बोल लावील, या धास्तीने तिला घास जाईना. शेवटी तिने होडी मधोमध नेली, शपथ घ्यायला पाण्यात हात बुडवला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दोघं एका होडीतून घरी येतील, तेव्हाच मी तोंड उघडीन."

सामन्याला ती गेलीच नाही. तिकडे शेवटची मिनिटं उरली होती आणि स्कॉटलंड थोडक्यात पुढे होतं. नेड चेंडू घेऊन सुटला. चेंडू पलीकडे टेकवला की सामना जिंकला, अशी रेषा दोन पावलांवर, आडवा फक्त अँगस. अँगसने झेप घेतली, नेड निसटला, आणि मागे भाऊ ओरडला. पाय मोडला होता. लहानपणी झाडावरून पडला तेव्हाही तो असाच ओरडला होता, असं सांगतात. नेडने चेंडू तिथेच टाकला आणि मागे फिरला. इंग्लंड हरलं.

इकडे एल्स्पेथ रोज संध्याकाळी जवाचं सूप चुलीवर ठेवी आणि काठावर जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी दक्षिण काठावर माणसं जमली, नेडला जाब विचारायला. नेड आला तो अँगसला पाठीवर घेऊनच. दोघं होडीत बसले, नावाडी बापाने वल्हं मारलं. मायलेकरं समोरासमोर आली. आता ही काय बोलते म्हणून दोन्ही काठ कान टवकारून उभे.

"उशीर केलात," ती म्हणाली. "सूप निवलं."

एवढंच. पहिला वाडगा तिने हरलेल्या नेडच्या हातात दिला, आणि मग मात्र पदराशी धरल्यासारखं दोघांना कवटाळून रडली. जाब विचारायला आलेले गुपचूप घरी गेले.

आजही या दोन देशांचा सामना असला, की दोन्ही काठांची माणसं त्या होडीत दाटीवाटीने बसतात. मध्ये रेडिओ लावतात. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. मग गावातली सर्वांत म्हातारी बाई टोपाचं झाकण काढते आणि पहिला वाडगा हरलेल्या काठाला देते. सूप इतकं कढत असतं, की वाडगा हातात धरवत नाही. तरी ती म्हणतेच, "उशीर केलात. सूप निवलं."